सेहेचाळीस नंबरची तार

रमीलाबेन माणसांना नंबर द्यायच्या. शाळेतले मार्क नव्हेत, तारेचे नंबर. तांब्याची तार जितकी बारीक तितका तिचा नंबर मोठा, हा मोटर वाइंडिंगच्या धंद्यातला नियम. एखादा दणकट, आल्या आल्या टेबलावर हात आपटणारा माणूस दुकानातून बाहेर पडला की त्या मान वर न करता म्हणायच्या, "अठरा नंबर." बँकेतली हळू बोलणारी बाई छत्तीस. स्वतःचा नवरा जयंतीभाई बावीस, "पंपाला चालतात ते." एकदा मी हौसेने माझा नंबर विचारला. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही नंदूभाई, चोवीस. लवकर गरम होता." मी तिथल्या तिथे गरम झालो आणि जयंतीभाई पोट धरून हसले.

माझा धंदा साउंड सर्व्हिसचा. डहाणूच्या किनाऱ्यापासून तलासरीच्या डोंगरापर्यंत कुठे लग्न असो, नवरात्र असो, शाळेचं गॅदरिंग असो, माझा टेम्पो मांडवामागे उभा. लोक जेवणाचं कौतुक करत असतात तेव्हा मी स्पीकरसमोर डोळे मिटून उभा असतो. आमची ही म्हणते, तुम्हाला कुणी शिवी दिली तरी तुम्ही आधी तिचा बेस ऐकाल. खोटं नाही ते. आवाजाचं वेड आहे मला, आणि त्यातही इलेक्ट्रिक गिटारच्या आवाजाचं. म्हणून तर रमीलाबेन भेटल्या.

आता इथे थोडं सांगावंच लागेल, आणि मला सांगायला आवडतं. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली बोटभर लांबीची एक पट्टी असते. तिला पिकअप म्हणतात. लोकांना वाटतं तो माइक आहे. अजिबात नाही! आत सहा छोटे लोहचुंबक आणि त्यांच्याभोवती केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. वर गिटारची पोलादी तार थरथरली की खालच्या तांब्यात वीज थरथरते, ती माझ्या अँप्लिफायरमध्ये येते आणि गाते. लाकूड, पॉलिश, रंगरंगोटी सगळं नंतर. गिटारचा गळा म्हणजे ही पट्टी. ती गेली की हजारोंची गिटार भिंतीवर टांगायच्या लायकीची.

मी ज्यांना साउंड पुरवतो त्या आमच्या ऑर्केस्ट्रातल्या गिटारची ती पट्टी गेली. डहाणूला खारी हवा, तांबं हिरवं पडतं. मुंबईला पाठवली तर महिना जाणार, आणि तलासरीचं लग्न चार दिवसांवर. मी वैतागून स्टेशनच्या पूर्वेला जयंतीभाईंच्या दुकानात शिरलो. बाहेर रानशेत-कोसबाडकडचे जळके पंप उलटे पडलेले, आत वार्निशचा वास. जयंतीभाईंनी पिकअप हातात घेतला.

"कुठली मोटर ही?"

"मोटर नाही, पिकअप आहे. गिटारचा."

"फिरते काय?"

"फिरत नाही हो, वाजतो."

"मग आमचं काम नाही," म्हणत त्यांनी तो परत केला. तेवढ्यात उजव्या कोपऱ्यातून आवाज आला, "आणा इकडे."

त्या कोपऱ्यात शिलाई मशीनची मोटर बसवलेलं एक छोटं यंत्र होतं, वर वेढे मोजणारा काउंटर, आणि भिंतीवर पाटी: 'काम चालू असताना बोलू नये.' पाटीखाली रमीलाबेन. पन्नाशीच्या आसपास, बारीक अंगाच्या, केसांचा अंबाडा तांब्याच्या लाल तारेने बांधलेला. आधी उठून त्यांनी बेसनाने हात धुतले. हाताला तेल-घाम नको म्हणून प्रत्येक बारीक कामाआधी त्या तसे धुवायच्या, त्यामुळे दुकानात वार्निशखाली भज्यांच्या पिठाचा एक हलका वास असायचा. मग घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावलं, मीटर टेकवला. "ओपन. तार तुटली आतून." एक टोक ओढून काढलं, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत फिरवलं, आणि मोजायचा कुठलाही गेज न लावता म्हणाल्या, "सेहेचाळीस."

मी आ वासून उभा. सेहेचाळीस बरोबर होता!

"मला कसं कळलं विचारता ने? मी अकरा वर्षं हीच तार हातात धरली." मग माझ्या डोक्याकडे हात नेत म्हणाल्या, "एक केस द्या, दाखवते." माझ्याकडे मुळात मोजके उरलेले. तरी दिला. भिंगाखाली केस आणि तार शेजारी ठेवले तर केस जाड दिसत होता! असा आनंद झाला मला, मी एवढ्याशा गोष्टीवर टाळी वाजवली आणि त्यांनी पाटीकडे बोट केलं.

त्यांचं माहेर तलासरीपलीकडचं, नाचणी-भाताचं घर. लग्नाआधीपासून त्या उंबरगावच्या एका कंपनीत रिलेच्या, म्हणजे विजेवर चालणाऱ्या छोट्या खटक्यांच्या, कॉइल गुंडाळायला जायच्या. बायकांची लांब रांग, बोलायला बंदी, तारेशेजारी तार, चटई विणल्यासारखा एकेक थर. शेवटी तपासणारा माणूस भिंगातून बघणार आणि एक वेढा जरी वाकडा दिसला तर कॉइलवर लाल टिपका. टिपका म्हणजे रिजेक्ट. "अकरा वर्षांत माझ्या एकाही कॉइलवर लाल टिपका नाही," हे त्या दर दोन-चार भेटींनी एकदा सांगायच्याच. ती कंपनी बंद पडली तेव्हा सगळ्या बायकांनी आठवण म्हणून काही ना काही आणलं. रमीलाबेननी ती पाटी आणली.

आमच्या गिटारचा पिकअप त्यांनी गुंडाळून दिला आणि तो वाजला! स्वस्तातली गिटार, तिचा मूळ आवाज कसा होता ते कुणाच्या लक्षात होतं? वाजली म्हणून आम्ही नाचलो. मग बोईसरहून, वापीहून ऑर्केस्ट्रावाले यायला लागले. पंपांच्या रांगेत गिटारी उभ्या राहायला लागल्या. रमीलाबेन पेडलवर पाय ठेवून, दोन बोटांतून तार सोडत बसायच्या. कुणी फार कौतुक केलं तर त्यांचं एकच उत्तर, "तार ओढायची नाही, जाऊ द्यायची." चिमटीच्या त्या दोन बोटांची कातडी इतकी गुळगुळीत झाली होती की आधारकार्डाच्या वेळी अंगठा उमटेना. त्या गोष्टीचाही त्यांना अभिमानच होता.

आता होमीअंकलची गोष्ट. खरं तर सांगायची होती ती हीच.

आगरच्या रस्त्याला होमीअंकल आणि खोरशेदआंटींची चिकूची वाडी. अंकल तरुणपणी मुंबईच्या हॉटेलांतून गिटार वाजवायचे. ती गिटार अमेरिकन, जुनी, त्यांच्या लग्नाच्याही आधीची. पुढे त्यांना घशाचा आजार झाला, ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्र काढून टाकलं. माणूस वाचला, आवाज गेला. अंकल गळ्याला पांढरा रुमाल बांधायचे आणि एक पाटी-पेन्सिल जवळ ठेवायचे. पण पाटीवर ते फक्त परक्यांशी बोलायचे. आंटींशी बोलायचे गिटारवर.

थट्टा नाही, मी ऐकलंय. व्हरांड्यात अँप्लिफायर, मांडीवर गिटार. त्या गिटारला दोन पिकअप. एक गिटारच्या मानेजवळ, एक खाली ब्रिजजवळ, म्हणजे तारा जिथे टेकतात त्या पट्टीजवळ. मानेजवळ तार मोकळी झुलते, म्हणून तिथला आवाज गोल, भरलेला, मऊ. ब्रिजजवळ ती ताठ असते, तिथला आवाज धारदार, चिरका, कानात टोचणारा. तारा त्याच, बोटं तीच, फक्त मधली कळ इकडून तिकडे केली की माणूस बदलतो! अंकलनी वाटणी करून टाकली होती. मऊ पिकअपवर तीन सूर म्हणजे 'चहा'. चढत जाणारे चार सूर म्हणजे 'जरा इकडे ये'. एक लांबलचक घसरता सूर म्हणजे काय ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही, पण तो वाजला की आंटी लाजून "मूआ", म्हणजे आपलं 'मेल्या', म्हणायच्या. आणि ब्रिजचा पिकअप भांडणासाठी.

झालं काय, मऊ पिकअप मेला.

आंटींनी मला बोलावून घेतलं. "डिकरा, दोन महिना झाला, ह्या घरात नुसता भांडण चाललंय. बिचारा चहा मागते तर वाटते शिवी देते. मी पण उलट ओरडते. काल रडला तो. मला सांग, ऐंशी वर्षाचा माणूस चहासाठी रडते काय?"

अंकलनी कळ फिरवून दाखवली. एका बाजूला चिरका आवाज, दुसऱ्या बाजूला नुसती घरघर. एका माणसाचा आवाज दोनदा जावा हे काय देवाचं वागणं झालं?

मी त्यांना रमीलाबेनकडे घेऊन गेलो. त्यांनी अंकलकडे बराच वेळ पाहिलं. गळ्याचा रुमाल, लांब बोटं, खाली बघण्याची पद्धत. आणि पहिल्यांदाच नंबर हळू आवाजात सांगितला, "सेहेचाळीस." मग अंकलना म्हणाल्या, "काळजी नका करू, साहेब. तुमचा आवाज मी नवा करून देते."

आणि जीव ओतून काम केलं हो त्यांनी! जुनी तार काउंटरवर मोजत उलगडली. आतलं टोक हिरवं होऊन तुटलं होतं. मग अकरा वर्षांची सगळी विद्या पणाला लावून नवी कॉइल गुंडाळली. तारेशेजारी तार, थरावर थर, कुठे सुताइतकी फट नाही. मजबुतीसाठी पाचशे वेढे जास्तीचे. वर वार्निशमध्ये बुचकळून, बल्बच्या पेटीत एक दिवस सुकवली, पंपाची कॉइल सुकवतात तशी. मी भिंगातून पाहिलं. इतकी सुंदर कॉइल मी जन्मात पाहिली नव्हती.

रमीलाबेनना घेऊन वाडीवर गेलो. पिकअप बसवला. अंकलनी तीन सूर वाजवले.

आवाज आला. मोठा आला, पहिल्यापेक्षा मोठा. पण तोंडावर गोधडी घेऊन कुणी बोलावं तसा. सूर होते, पण सुरांच्या कडा गेल्या होत्या. मी कसनुसं हसलो. आंटी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. अंकलनी पुन्हा वाजवलं, मान तिरकी करून ऐकलं. मग पाटी घेतली. आपल्या घरात, आपल्या बायकोसमोर, पाटी घेतली. त्यावर गुजरातीत लिहिलं आणि आमच्याकडे फिरवलं.

'आ हुं नथी.' हा मी नाही.

परतीच्या वाटेवर रमीलाबेन टेम्पोत माझ्या शेजारी. मी आपला बडबडत होतो, होतं असं, तुमची चूक नाही, वगैरे. त्यांनी एकदाच मला थांबवलं. "नंदूभाई, कॉइल चांगली होती ने?" मी म्हटलं, एकदम फर्स्ट क्लास. "मग?" म्हणाल्या.

पुढचे आठ दिवस दुकानात सुतक पडल्यासारखं. जयंतीभाई मला बाहेरच गाठून कुजबुजले, "जेवत नाही हो नीट. म्हणते, त्या माणसाला मी मुका केला." मीच जाऊन समजावलं की जास्त वेढे घातले की आवाज वाढतो पण वरचे सूर मरतात, ते पाचशे काढून टाकू. त्या म्हणाल्या, ते कळलं मला, पण तेवढंच नाही. आणखी काहीतरी आहे.

नवव्या दिवशी त्या स्वतःच वाडीवर आल्या. आंटींना म्हणाल्या, "मला दुसरा पिकअप बघायचाय. जिवंत आहे तो."

आंटींच्या तोंडचं पाणी पळालं. खरंच होतं ते. उरलासुरला एकच आवाज, भांडणाचा का होईना. तार केसापेक्षा बारीक, नखाचा धक्का लागला तरी तुटणार. तो पण गेला तर? आंटी अंकलकडे बघायला लागल्या. अंकलनी रमीलाबेनच्या हातांकडे पाहिलं आणि गिटार स्वतः उचलून त्यांच्या पुढ्यात ठेवली.

त्यांनी हात धुतले. बेसन बरोबर आणलं होतं. पिकअपवरचं प्लॅस्टिकचं झाकण श्वास रोखून वर काढलं, भिंग लावलं आणि पाहायला लागल्या. पाच मिनिटं गेली, दहा गेली. माझी मान अवघडली. आणि एकाएकी रमीलाबेन हसल्या!

"अगं बाई! वाकडी आहे!"

"काय वाकडं आहे?" मी घाबरून विचारलं.

"सगळी! सगळी तार वाकडी आहे, नंदूभाई! बघा ने, इथून चढली, इथे उतरली, इथे दोन वेढे अंगावर अंग टाकून बसलेत. आमच्या कंपनीत असती तर तीन लाल टिपके! ही बाई बोलत होती हो काम करताना!"

"कुठली बाई?"

"जिने गुंडाळली ती. हे बाईचंच काम. शेजारणीशी बोलत होती. आणि इकडे या, हे बघा. हा वरचा भाग थोडा फुगलाय, इथून पुढे तार सैल आहे. इथे उठली होती ती. जेवून आली आणि हात सैल पडला." त्यांनी भिंग काढलं. डोळ्यांत पाणी होतं आणि चेहरा नुसता फुलला होता. "मी उंबरगावात गप्प बसून गुंडाळत होते, आणि ही माझी अमेरिकेची मैत्रीण गप्पा मारत गुंडाळत होती. म्हणून साहेबांचा आवाज मोकळा आहे. तारेमध्ये जागा आहे ने, श्वास घ्यायला!"

अहो, पुस्तकांत हेच लिहिलेलं असतं, हाताने गुंडाळलेल्या जुन्या कॉइलमध्ये तार विखुरलेली असते, तिच्यात हवा राहते, म्हणून वरचे सूर खुलतात. नीट चेपून, वार्निश पाजून आपण तेच मारून टाकले होते. मी ते चार पानांत वाचलं होतं आणि मला सुचलं नव्हतं. ह्या बाईने ते भिंगातून एका दुसऱ्या बाईचं जेवण बघून ओळखलं!

झाकण सुखरूप परत बसलं. आता फक्त वाकडी कॉइल करायची. सोपं वाटतं ना? रमीलाबेनना ते जमेना. हात वाकडा जाईच ना! त्या तार मुद्दाम इकडेतिकडे न्यायच्या आणि दहा वेढ्यांत बोटं आपोआप रांगेत यायची. दोनदा गुंडाळलेली तार वाया गेली. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटून गुंडाळलं, तरी चटईच. मला म्हणाल्या, "माझ्या हाताला वाकडं येतच नाही हो. काय करू मी?" एखाद्याने आपला दोष सांगावा तशा सांगत होत्या.

मग त्यांनाच सुचलं. "नंदूभाई, मला बोलणारी बाई पाहिजे. खूप बोलणारी."

सगळ्या डहाणूत त्या जागेला एकच उमेदवार लायक होता. दुसऱ्या दिवशी सकाळी खोरशेदआंटी दुकानात आल्या, पंपांवरून साडीचा काठ सांभाळत. रमीलाबेन स्टुलावर चढल्या आणि 'बोलू नये'ची पाटी भिंतीवरून उतरवून पंपांमागे ठेवली. जयंतीभाई हातातला पाना तसाच धरून बघत राहिले. मला रमीलाबेननी दारातच थांबवलं, "तुम्ही मध्ये बोलाल." म्हणून मी दारातून ऐकलं.

"काय बोलू, डिकरी?"

"साहेब पहिल्यांदा कुठे भेटले ते सांगा."

सुरू झाल्या आंटी! अंकल त्यांना मागणी घालायला वाडीवर आले तेव्हाची गोष्ट. तरुण होमी मुंबईहून ही गिटार घेऊन आला, सासऱ्यावर छाप पाडायची म्हणून. सगळं घर व्हरांड्यात जमलं. आणि वाडीवर वीजच नव्हती! "अरे, त्या मूर्खाला माहीतच नाय! प्लग घेऊन भिंतीभिंतीला शोधते! मग काय करेल, तसाच वाजवला. किटकिट, किटकिट. कोणाला काय ऐकू येते? पंधरा मिनिट तो डोळे बंद करून वाजवते आणि आम्ही त्याचे तोंड बघते. संपल्यावर माझे पप्पा बोलले, छोकरो शांत आहे. चालेल!"

रमीलाबेन जे हसायला लागल्या! खांदे गदगदत होते, डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, पाय पेडलवर, आणि बोटांतली तार वर-खाली, वर-खाली, जिकडे मन जाईल तिकडे. मी बोट करून जयंतीभाईंना दाखवलं. तार वाकडी जात होती! काउंटर तीन हजारांवर, साडेतीन हजारांवर, आंटी लग्नावर आल्या, चार हजारांवर पहिल्या भांडणावर. मध्येच रमीलाबेननी पाय काढला. "चला, जेवून घेऊ."

"आता? अर्धा झालाय ने अजून?"

"ती पण जेवली होती."

नाचणीची भाकर आणि सुक्या बोंबलांची चटणी दोघींनी एका ताटात खाल्ली. हात धुऊन पुन्हा बसल्या आणि दुपारी जुन्या मोजणीइतके वेढे बरोबर भरले, एकही जास्त नाही. वार्निशला सुट्टी. माहेराहून आणलेलं मधमाशीचं मेण आणि दोन मेणबत्त्या वितळवून त्यात कॉइल बुडवली, म्हणजे तार हलणार नाही आणि गुदमरणारही नाही. भिंगाखाली ती कॉइल भयानक दिसत होती. रमीलाबेननी ती उलटसुलट पाहिली, मग पर्समधून नेलपॉलिश काढून तिच्यावर स्वतःच्या हाताने एक लाल टिपका लावला. "पहिला रिजेक्ट," म्हणाल्या आणि पुन्हा हसत सुटल्या.

संध्याकाळी पाचच्या सुमारास आम्ही सगळे वाडीवर. मी पिकअप बसवला, तारा चढवल्या. आंटींना काय सुचलं कोण जाणे, त्या "मला नाय बघवत" म्हणून आत गेल्या. अंकलनी गिटार मांडीवर घेतली, आणि कसं कोण जाणे, कळ नेमकी मध्ये ठेवली, दोन्ही पिकअप एकदम. वाजवलं. सर्दी झालेल्या माणसासारखा, नाकातला, पोकळ आवाज!

तेव्हा जयंतीभाई, ज्यांनी त्या पहिल्या दिवसानंतर गिटारविषयी अवाक्षर काढलं नव्हतं, दाराजवळून म्हणाले, "मोटर उलटी फिरते. दोन तारा बदला."

मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो. अहो, बरोबर! नवी कॉइल उलट्या दिशेची झाली होती, दोघी एकमेकींना खोडत होत्या. पंप उलटा फिरला की वाइंडिंगवाला दोन तारांची अदलाबदल करतो, तसं मी केलं. कथलाचा डाग दिला, फुंकर मारली. "बावीस नंबर," रमीलाबेन नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, पण आवाजात केवढी माया!

अंकलनी कळ मऊ बाजूला नेली. त्यांनी तीन सूर वाजवले.

गोल. मोकळे. कडांसकट. आणि ते पुरते विरले नसतील, तोच आतून आंटींचा आवाज आला, खेकसून, रोजच्यासारखा, "आली रे आली! उकळू तर दे!"

मग आतला भांड्यांचा आवाज थांबला. आंटी बाहेर आल्या, हातात गाळणं, चहाचे थेंब फरशीवर पडतायत, आणि नुसत्या अंकलकडे बघत राहिल्या. अंकलनी तो लांबलचक घसरता सूर वाजवला. "मूआ," आंटी म्हणाल्या, आणि गाळणं तोंडाशी धरून रडल्या. मी तर उघड उघड रडलो, मला त्याची लाज नाही. पाटी कोपऱ्यात पडली होती, तिला त्या दिवशी कुणी हात लावला नाही.

गेल्या वर्षी जयंतीभाईंचे गुडघे थकले आणि दोघं वापीला लेकीकडे राहायला गेली. दुकानात आता मोबाइल कव्हरं मिळतात. त्याआधी शेवटचं एकदा मी तिकडे गेलो होतो, तलासरीच्या एका ऑर्केस्ट्राचा पिकअप घेऊन. टळटळीत दुपार, जयंतीभाई कोसबाडला पंप उतरवायला गेलेले. आतून रमीलाबेनच्या गप्पा ऐकू येत होत्या, मध्येच हसणं. कुणीतरी गिऱ्हाईक बसलंय म्हणून मी पायरीवर थांबलो. बराच वेळ झाला, समोरचं माणूस काही बोलेना. मी हळूच डोकावलो.

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. त्या यंत्रावर वाकलेल्या, पाय पेडलवर, चिमटीतून तार सुटत चाललेली, वर-खाली, वर-खाली. भिंतीवर पाटीच्या जागी नुसता खिळा. लेकीच्या घराबद्दल, वापीच्या फ्लॅटबद्दल त्या शेजारी बसलेल्या मैत्रिणीला सांगावं तसं सगळं तपशिलात सांगत होत्या. काउंटर अर्ध्यावर आलेला दिसला तसा त्यांनी पाय काढला, तार अलगद थांबवली आणि बेसनाच्या डब्याकडे वळता वळता म्हणाल्या,

"बरं, माझं राहू दे. तू जेवलीस का गं?"